साहेबांच्या रेकॉर्डवरची हळद

साठ सालच्या आसपास मी कुवेतमध्ये ड्राफ्ट्समन होतो आणि स्वतःला मोठा रसिक समजत होतो. पुण्याचा असल्यामुळे दुसरं काही समजायची सोय नव्हती. शहरातल्या शर्क भागातल्या खोलीत माझ्याबरोबर रत्नागिरीकडचे एक चाचा राहत. ते कापडाच्या दुकानात कामाला. गावी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि मालकाने सुट्टी नाकारली होती. ‘माझ्यावाचून उरकून घ्या’ हे पत्र त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं. त्यानंतर ते त्यावर बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

आमचे इंग्रज साहेब शुक्रवारी घरी रेकॉर्डी लावत. एकदा त्यांनी मला बोलावलं. “मित्रालाही आणा,” म्हणाले. मित्र म्हणजे चाचाच, आणि ते तिथे माझी अब्रू घालवतील अशी मला धास्ती.

“चाचा, तिथे नुसती मान डोलवायची,” मी बजावलं. स्वतः मात्र दाद द्यायला ‘सब्लाइम’ हा शब्द घोकून ठेवला.

पियानो सुरू झाला. मी डोळे मिटले. उघडून पाहतो तर चाचा मांडीवर ठेका धरून बसलेले, तोही भलत्याच मात्रेवर जोर देत! रेकॉर्ड संपल्यावर मी घाईने माझा शब्द खर्च केला. साहेबांनी चाचांकडे पाहिलं.

“लग्नाची चाल हाय,” चाचा म्हणाले. “पन वाजवनाऱ्याला लग्नाला जायला गावलेलं नाय.”

“त्यांना आवडलं,” मी इंग्रजीत सांगितलं.

“ते याहून जास्त बोलले.”

नाइलाजाने मी सगळं सांगितलं. साहेबांनी रेकॉर्डचं पाकीट उचललं. मग म्हणाले, हा संगीतकार पोलंडचा. देश सुटला तो कायमचा. पॅरिसच्या दिवाणखान्यांत बसून तो आपल्या खेड्यापाड्यांतले नाच पियानोवर वाजवायचा. ऐकणाऱ्यांना जोर भलत्या मात्रेवर वाटे. त्याच्या गावाकडे नाचताना पाय तिथेच आपटत.

मला माझीच लाज वाटली. पत्र मी लिहिलं होतं, आणि कळलं ते साहेबांच्या सोफ्यावर.

पुढच्या शुक्रवारचं आमंत्रण चाचांना होतं. ‘मित्रालाही आणा’ हे माझ्यासाठी. त्या दिवशी गावी त्यांच्या मुलीची हळद होती. चाचांनी तीच रेकॉर्ड मागितली आणि टाळ्या वाजवत तिच्यावर हळदीचं गाणं म्हणायला लागले. मीही टाळी धरली. गाणं न थांबवता चाचांनी माझा हात पकडला आणि जोर कुठे द्यायचा ते दाखवलं.