पैलवानच्या डोळ्यात हळद

पैलवान काल गेला, आणि मला रडू येण्याआधी राग आला.

आमच्याच वखारीच्या दारात, रिव्हर्स येणाऱ्या ट्रकखाली सापडला. ट्रक डाव्या बाजूने आला आणि डाव्या डोळ्याने त्याला दिसत नव्हतं.

ड्रायव्हरची चूक नाही. बिचारा हॉर्न वाजवत होता. पण वखारीत दिवसभर हॉर्नच वाजतात, पैलवान कशाला दाद देतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सांगलीत आमची हळदीची वखार आहे. आई-आप्पा तिथेच विश्रामबागला राहतात, मी नोकरीसाठी साताऱ्यात. पैलवान हा आप्पांचा कुत्रा. पिल्लू असताना पोत्यांमागे सापडला, मान जाड होती म्हणून हे नाव. कुस्ती सोडा, मांजर आलं तरी हा आप्पांच्या पायामागे.

सीझनला हळकुंडं पॉलिशच्या ड्रममध्ये फिरतात आणि सगळीकडे पिवळी धूळ उडते. माणसं तोंडाला रुमाल बांधतात. पैलवान त्या ड्रमशेजारीच झोपायचा, कारण आप्पांची खुर्ची तिथे.

मग त्याचे डोळे बिघडले. लालभडक. सकाळी पापण्या चिकटलेल्या, कोपऱ्यात घट्ट हिरवट चिपडं. पंजाने खसाखसा चोळत बसायचा.

यावर आमच्या घराने काय केलं?

हळदीच्या पाण्याने डोळे धुतले.

हसू नका. आमच्याकडे असंच असतं. कापलं, लाव हळद. घसा बसला, घे हळद. हळदीच्या धुळीने डोळे गेले तरी औषध हळदच.

वर आत्याने स्वतःच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले ड्रॉप फ्रिजमधून काढून दिले. "माझा डोळा बघ की कसा झक्कास झाला. त्याला का चालणार न्हाईत?"

शेवटी मीच त्याला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. मॅडमनी पापणीच्या आत कागदाची बारीक पट्टी लावली. ती जवळजवळ कोरडीच राहिली.

त्या म्हणाल्या, याच्या डोळ्यात अश्रूच पुरेसे तयार होत नाहीत. ओलावा नाही म्हणून ही चिकट घाण येते. धूळ धुऊन निघत नाही, डोळ्यावर घासत राहते. डाव्या डोळ्याला जखम झालीय. तुमच्या आत्याचे ड्रॉप आजपासून बंद, जखमेवर ते फार वाईट. औषध रोज टाकायचं, बहुतेक कायमचं. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळे पुसायचे. आणि धुळीपासून लांब ठेवायचं.

घरी येऊन हे सांगितलं तर आप्पा उखडले.

"डोळ्यातनं एवढं गळतंय आन ती बाई म्हणती डोळा कोरडा हाय! शिकलीया का न्हाई?"

"आप्पा, धुळीने होतंय ते. हळदीच्या."

"ज्या हळदीनं चार पिढ्या पोसल्या, ती कुत्र्याचा डोळा घालवंल व्हय? उगं काय बी बोलू नगं."

तिथेच सगळं अडलं. पैलवानचा डोळा राहिला बाजूला, हळदीची अब्रू मध्ये आली.

मी साताऱ्याहून रोज फोन करायचे. "आप्पा, ड्रॉप टाकले?"

"टाकलं गं."

शनिवारी घरी येऊन बघते तर बाटलीचं सीलसुद्धा फोडलेलं नाही! मी इतकी ओरडले की शेजारच्या काकू बाहेर आल्या.

आप्पा म्हणाले, "त्याला आवडत न्हाई गं. धरलं की थरथरतंय."

अहो, लहानपणी मला इंजेक्शन तरी कुठे आवडायचं? तेव्हा बरं दोन्ही हात धरून बसायचात!

मग मी पैलवानला उचलून साताऱ्याला आणलं. फ्लॅटमध्ये धूळ नाही, ड्रॉप वेळेवर. डाव्या डोळ्यावर पांढरा डाग राहिला तो राहिलाच, पण लाली गेली, चिपडं थांबली. उजवा डोळा स्वच्छ झाला. तो मधासारखा तपकिरी आहे हे मला तेव्हा कळलं.

फक्त तो जेवेना. दाराकडे तोंड करून बसायचा. मटण आणलं तर वास घेतला आणि परत दाराकडे.

आणि एक दिवस आप्पा न सांगता एसटीने हजर. "जरा भेटून जातो म्हणलं."

पैलवान त्यांच्या अंगावर चढून असा काही रडला की मला नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघांना गाडीत घालून सांगलीला सोडलं. जाताना आप्पांकडून शब्द घेतला, की ड्रॉप रोज पडणार आणि पैलवान घरीच राहणार, वखारीत नाही.

ड्रॉपचं काम आईने अंगावर घेतलं. घरी राहायचं मात्र पैलवानलाच मान्य नव्हतं. आप्पांची स्कूटर निघाली की हा मागोमाग वखारीत. मी फोनवर भांडले तर आप्पा म्हणायचे, "त्येच येतंय पळत. मी काय करू?"

गेट लावून घ्यायचं होतं, आप्पा. एवढंच करायचं होतं.

काल संध्याकाळी त्याला वखारीमागे पुरलं. हमाल आले, शेजारचे व्यापारी आले. त्यातलं कुणीतरी समजूत काढायला म्हणालं, "जाऊ द्या आप्पा. वय झालंतं त्येचं."

आप्पा म्हणाले, "वय न्हाई झालंतं. त्येला दिसत न्हवतं. हळदीच्या धुळीनं डोळा गेला त्येचा. पोरगी सांगत हुती, मी ऐकलं न्हाई."

सगळ्या हळदवाल्यांच्या समोर म्हणाले.

हे ऐकण्यासाठी मी किती भांडले असेन. काल ऐकलं आणि त्याचं काय करायचं ते कळेना. आप्पांच्या हातात पैलवानचा पट्टा होता आणि ते त्याच्यावरची पिवळी धूळ शर्टाला पुसत होते.

खाली हात जोडलेले इमोजी टाकू नका. तुमच्या कुत्र्याचे डोळे वाहत असतील तर हळद नको, मध नको, कुणाचे उरलेले ड्रॉप नकोत. त्याला डॉक्टरकडे न्या. पैलवानला तेवढीच श्रद्धांजली पुरे.

पैलवान, साताऱ्यात राहिला असतास तर आज असतास रे. तुझ्यावरही चिडलेय मी.

जा आता. नीट जा.