पांडवांची पळी

गावात आम्हाला पळीचोर म्हणतात. गाव पन्हाळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला, आणि वर कातळात एक गुहा. ती पांडवांनी एका रात्रीत कोरली, असं सगळे सांगतात. आमच्या भागात पांडवांनी दिवसा काही केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

पूर्वी म्हणे लग्नघराला भांडी लागली की आदल्या संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी विडा-नारळ ठेवायचा आणि काय काय हवं ते मोठ्यानं सांगायचं. सकाळी पितळेची भांडी हजर! लग्न उरकलं की चिंचेनं लखलखीत घासून परत ठेवायची. मग कुणीतरी एक पळी ठेवून घेतली आणि गुहेनं देणं बंद केलं. ते कुणीतरी म्हणजे आमचे खापरपणजोबा, असं गावाचं ठाम मत.

पळी आमच्या घरात होती, हे खरं. आई लग्न होऊन आली त्याच आठवड्यात विहिरीवर तिला एकीनं ऐकवलं, "पळीचोराच्या घरात पडलीस की गं बाई!" ते तिच्या मनाला जन्मभर लागून राहिलं. आमटी मात्र ती रोज त्याच पळीनं वाढायची.

मी शिरोलीला फौंड्रीत कामाला. एकदा मोठ्या शहाणपणानं पळी उलटसुलट करून म्हणालो, "आई, ही काय पांडवांची न्हाय. लई तर शंभर वर्सांची आसंल."

"मग? पांडवांनी भांडी करायची सोडली व्हय?" ती म्हणाली. "ज्याची हाय त्याला दिऊन ये. माझ्याच्यानं आता डोंगर चढवत न्हाय."

"येत्या रविवारी जातो की."

"लबाड बोलू नगंस."

रविवार आला की ओव्हरटाइम निघायचा, नाहीतर झोप. खरं तर मला लाज वाटायची. पळी परत करायची म्हणजे सगळ्या गावादेखत चोरी कबूल करायची. शेवटच्या दुखण्यात अंथरुणावरूनही तिनं विचारलं, "दिलीस का?" मी पुन्हा रविवारच सांगितला. ती त्याआधीच गेली.

वर्षश्राद्ध झालं आणि मी पळी पिशवीत घालून डोंगर चढलो. गुहेत वटवाघळांचा वास, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, भिंतीवर खडूनं काढलेले बदाम. दगडावर विडा-नारळ ठेवला, शेजारी पळी. हात जोडले. वळणार तेवढ्यात उन्हात पळीची कड दिसली. एका बाजूनं तिरकी झिजलेली.

पातेल्याचा तळ खरवडून आई शेवटची आमटी माझ्या ताटात वाढायची. तिला उरायची नाही. धातूचं काम करतो मी, पितळ झिजायला किती वर्षं लागतात ते मला कुणी सांगायला नको. आई इतकी हवीशी झाली की मी तिथंच खाली बसलो.

खापरपणजोबांची पहिल्यांदाच दया आली. त्यांच्या वेळीही या पळीवर कुणाचा तरी हात राहिला असेल, म्हणून ती परत देववली नसेल.

पळी उचलून पिशवीत घातली. "येत्या रविवारी आणतो," असं गुहेत तोंड घालून मोठ्यानं सांगितलं आणि थोडा वेळ थांबलो. "लबाड बोलू नगंस" म्हणणारं आत कुणी नव्हतं.