ऑर्वलची खूण

एल्क हरणं कुठं चरतात हे मोंटानातला शिकारी सख्ख्या भावालाही सांगत नाही. आमचा शेजारी ऑर्वल तर सगळ्यांच्या वरचढ. कुणी आपल्या फोनमधला नकाशा चोरून पाहील या धास्तीनं त्यानं एल्कच्या कुरणावर खूण करून नाव दिलं, ‘ट्रक’.

परवा तो आपला ट्रक पायथ्याशी लावून शिकारीला गेला आणि डोंगरावर दाट धुकं उतरलं. स्वतःचीच चलाखी विसरून हा गडी फोनमधल्या ‘ट्रक’कडे दुपारभर चालत राहिला आणि पोचला थेट कुरणात. खरा ट्रक डोंगरापलीकडं. वर बर्फ पडायला लागलं. रेंज होती म्हणून निमूटपणे बायकोला फोन लावला.

“शहाणाच आहेस. लोकेशन पाठव, आम्ही येतो न्यायला,” लॉर्ना म्हणाली.

ऑर्वलनं लोकेशन पाठवायला नेलेलं बोट मागं घेतलं.

“आम्ही म्हणजे कोण? तुझा भाऊ आलाय का घरी?”