घाटाचं पेट्रोल आणि किरकोळ एकशेवीस

गॅरेजात भंगार साचतं तसेच किस्सेही साचतात बघा. भंगारवाला निदान महिन्याला येऊन भंगार उचलतो, किस्से कोण उचलणार? ते सगळे माझ्या डोक्यात! मुरबाडला आमचं गॅरेज. नवरा मिस्त्री, मी बिलं लिहिते. आणि बिल म्हटलं की भांडण आलंच!

*

मिस्त्रींचा एक नियम. काढलेला जुना पार्ट गोणीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. "उगाच कुणी म्हणायला नको, बदललाच नाय."

वाशिंदचा एक रिक्षावाला अशीच गोणी घेऊन गेला. आठ दिवसांनी भावाची रिक्षा ढकलत हजर! "मिस्त्री, चालूच होत नाय!" उघडून बघतो तर आत आमच्याच गोणीतला जुना प्लग!

"वाया कशाला घालवायचा म्हटलं!" असं वर आम्हालाच सांगतोय!

*

आता गुरुजींची गाडी. टोकावड्याचे रिटायर्ड गुरुजी, चौथीला मिस्त्री त्यांच्याच हाताखाली होते. वडिलांच्या वेळची काळी मोटार, कैक वर्षं गोठ्यात उभी. ती ट्रॅक्टरला दोर बांधून आणली. आत गुरुजी स्टिअरिंग धरून ताठ बसलेले, आणि टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत रबरी भोंगा दाबत आले. गाडीत चालू तेवढं एकच होतं!

मिस्त्री बोनेटभोवती तीनदा फिरले. "गुरुजी, इंजिन पुरं खोलावं लागंल. चाळीस हजार धरा. आत काय निघंल ते देवाला ठाऊक."

गुरुजींनी चाळीस ऐकलं. पुढचं कोण ऐकतंय?

*

आत निघालं काय? उंदराचं घरटं! तेही शाळेच्या जुन्या पेपरांचं! त्यातला एक तुकडा मी गुरुजींना दाखवला. चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "हा मुलगा नापास झाला होता."

बघत मात्र मिस्त्रींकडं होते!

*

मग पिस्टन. त्या मापाचा कुठं मिळेचना. कल्याण झालं, मुंबई झाली. शेवटी दुसऱ्याच गाडीचा आणून लेथवर घासून घासून बसवला. दोन महिने आमचे हे घरात जेवताना पण पिस्टनच बोलायचे! लेथवाल्याचे पैसे कुठून गेले? माझ्या भिशीतून!

पण इंजिन चालू झालं तेव्हा, खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काय गोड आवाज!

*

बिल झालं ब्याण्णव हजार. गुरुजी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घेऊन आले. बाकावर बसले, "चाळीसचे ब्याण्णव?" म्हणत खिशातून लाल पेन काढला आणि बिल तपासायलाच लागले! टिक, टिक, फुली!

"गॅस्केट दोनदा?"

"पहिलं बसवताना फाटलं, गुरुजी."

"म्हणजे चूक तुझी." मिस्त्रींनी मान डोलावली. ते कापलं.

"आणि हे किरकोळ एकशेवीस कसले?"

लिहिताना मीही हेच विचारलं होतं. तेव्हा मिस्त्री "लिही गो" एवढंच म्हणाले होते. आता पाना पुसायला लागले! गुरुजींनी तिथं लाल गोल केला.

आणि मग भडकाच उडाला. "माळशेज घाट ट्रायल, पेट्रोल? अरे, ही गाडी घाट चढलीच नाही कधी! तीस वर्षांपूर्वी हिला धबधबा दाखवायला निघालो, तर पायथ्यालाच वाफा सोडत बसली. खोटं बिल लावतोस? मला?"

मिस्त्रींचा चेहरा पडला. ज्यांनी पाढे शिकवले, तेच खोटारडा म्हणतायत! "गाडी घाट चढली नसंल, तर मला एक पैसा नको. घेऊन जावा."

 दोन महिन्यांची मेहनत, माझी भिशी! "अवो, बोला की काहीतरी!" मी ओरडले. 

"चढली," बाकावरून आवाज आला. काकू! "मी होते आत."



"गाडी बघायला आले होते. हा ट्रायलला निघालेला, म्हणाला टोकावड्याला सोडतो. घर आलं, तरी गाडी काय झकास पळत होती! मीच म्हटलं, थांबू नको रे, चल वर. आणि यांना सांगू नको."

गुरुजींचा आवाज एकदम उतरला. "दिसला का गं धबधबा?"

"दिसला हो. अगदी रस्त्यावर येतो."

मी मिस्त्रींकडं बघितलं. एकोणतीस वर्षं संसार केला, मला नाय कधी नेलं घाटावर!

गुरुजी खाकरले. "मग वर काय केलंत?"

"भजी खाल्ली. दोन प्लेट. वर चहा."

"पैसे कुणी दिले?"

मिस्त्रींनी बिलातल्या लाल गोलावर बोट ठेवलं.

 गुरुजींनी गोल खोडून टिक केली आणि नोटांचं पुडकं काकूंच्या हातात ठेवलं.

"तूच दे. ट्रिप तुझी झाली!"