विहाराच्या पायऱ्यांचा काळा पाईप

आमच्या विहाराच्या पायऱ्यांना काळ्या लोखंडी पाईपचं रेलिंग आहे. त्याच्याविषयी वाईट बोलण्यासारखं बरंच आहे, ते आधीच बोलून टाकतो. तो गंजतो. खाली सिमेंटात गाडला आहे तिथे पावसाचं पाणी थांबतं आणि थंडी पडेपर्यंत रंगाला पोपडे येतात. दरवर्षी खरवडून पुन्हा रंग द्यावा लागतो. वैशाखात दुपारी हात लावला तर चटका बसतो. दिसायला तो शेतातल्या विहिरीवरच्या पाईपसारखा दिसतो, कारण तो तोच आहे. एवढं बोलल्यावर आता त्याचं कौतुक करायला मी मोकळा.

आमचं गाव वडनेर भोलजीच्या अलीकडे. जमीन काळी, पावसात फुगणारी, म्हणून विहाराचं जोतं चांगलंच उंच घेतलेलं, आणि पायऱ्याही त्या मानाने उंच. बांधणारे सगळे तेव्हा तिशीतले होते. म्हातारपण त्यांनी नकाशात धरलंच नव्हतं. माझे वडील त्यांच्यातलेच. दर रविवारी सकाळी बुद्धवंदना तेच सांगायचे. ते एक ओळ म्हणणार, बाकीचे त्यांच्यामागे. मग त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात सुधारला, पाय बराचसा परत आला, पण आधाराशिवाय पायरी चढता येईना. एका रविवारी चार जणांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. घरी आल्यावर म्हणाले, "पुन्हा मले असं उचललं, त विहारात पाय ठेवनार नाही. मी काय कापसाचं गाठोडं आहो?"

त्यानंतर ते खालीच, कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसू लागले. वंदना दुसरं कोणी सांगू लागलं. स्वतःच्या पायांनी वर जायचं, नाहीतर जायचंच नाही, असं त्यांचं ठरलं होतं, आणि त्यांचं ठरलेलं बदलताना मी तरी कधी पाहिलेलं नाही.

रेलिंग नव्हतं, पण त्याचा फलक होता. गावचाच एक माणूस शहरात ठेकेदारी करून मोठा झालेला. त्याने पायऱ्यांना स्टेनलेस स्टीलचं रेलिंग जाहीर केलं. जाहीर केल्याबद्दल त्याचा शाल देऊन सत्कार झाला, आणि त्याला आठवण राहावी म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा झाला. मग ग्रॅनाइटचा फलक आला. त्यावर सोनेरी अक्षरांत दात्याचं नाव, त्याच्या आईचं नाव आणि 'यांच्या सौजन्याने'. तो आम्ही पहिल्या पायरीशेजारी भिंतीत बसवला. रेलिंग तेवढं यायचं राहिलं.

बुद्धपौर्णिमा जवळ आली तशी कमिटी बसली. मी म्हटलं, काळा पाईप आणू. पाईपांतलं मला जे थोडं कळतं ते विहीर आणि गोठा यांत चुका करून कळलेलं आहे. जस्ताचा मुलामा दिलेला पाईप लवकर गंजत नाही, पण वेल्डिंगआधी सांध्यावरचा मुलामा घासून काढावा लागतो, नाहीतर पांढरा विषारी धूर निघतो आणि जोड कच्चा राहतो. आणि घासला, की गंज नेमका तिथूनच सुरू होतो. स्टेनलेस चकाकतं खरं, पण आपल्या ऐपतीत जे येतं ते पातळ असतं, हाताखाली वाजतं. काळ्या पाईपला मुलामाच नाही. लोखंड लोखंडाला थेट धरतं. शिवाय पाईपांच्या दुनियेतली एक गोष्ट मला फार आवडते. तिथे ए क्लास म्हणजे सगळ्यात पातळ आणि सी क्लास म्हणजे सगळ्यात जाड. वर लावलेली अक्षरं सोडून वजन पाहायची सवय माणसाला तिथे तरी लागते.

कमिटीच्या उपाध्यक्षांना हे पटेना. "विहाराले मोटरीचा पाईप? पाहुने येतीन, काय म्हनतीन बे?"

महिला मंडळाच्या अध्यक्ष वडिलांच्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "पाहुन्याचे गुडघे चांगले हायेत भाऊ. आमचे पाहा."

"पन स्टीलचं रेलिंग येऊन राह्यलं ना…"

"कवाचं येऊन राह्यलं! तोवर काय त्या फलकाले धरून चढू?"

ठराव मंजूर झाला.

पाईप नांदुऱ्याहून आला, सी क्लास. वेल्डिंग पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी संपलं. रंगाचा डबा आणून ठेवलेला होता. इथे आम्ही सगळ्यांनी मिळून शहाणपणा केला. आता रंग दिला तर सकाळपर्यंत वाळायचा नाही, आणि उद्या सगळे पांढऱ्या कपड्यांत येणार. कपड्यांना रंग लागेल. तेव्हा राहू द्या तसाच, असं उपाध्यक्ष म्हणाले, आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

काळ्या पाईपवर कारखान्यातूनच एक काळं तेलकट वार्निश चढवलेलं असतं, गंज लांब राहावा म्हणून. घासलेटच्या फडक्याने पुसल्याशिवाय ते जात नाही. आमच्यातल्या बहुतेकांना हे माहीत होतं. विहिरी आहेत ना शेतात. पण शेतात कोणी पांढरे कपडे घालून जात नाही.

सकाळी पहिल्यांदा चढल्या त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. वर पोचून त्यांनी पदर सारखा केला आणि पदरावर पाच बोटं उमटली. ते पाहून मागच्या बाईने हसू दाबायला तोंडावर हात नेला, तर तिला मिशा आल्या. "अवं, हात नका लावू कोनी!" अशी ओरड होईपर्यंत अर्धं गाव वर पोचलं होतं. उपाध्यक्ष आपली बाही पाहत म्हणाले, "म्या म्हनलं होतं, स्टीलचं पाह्यजे."

तेवढ्यात वडील काठी टेकत पहिल्या पायरीशी आले. सदरा पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा.

मी म्हटलं, "बाबा, थांबा जरा. फडकं आनतो, पुसून देतो."

"कायले? हात धुतले का निघते. सरक तिकडे."

काठी त्यांनी माझ्याकडे दिली. दोन्ही हातांनी पाईप धरून आधी हलवून पाहिला. हलला नाही. मग उजवा पाय वर, सगळा भार पाईपवर, आणि डावा पाय ओढून त्याच्याशेजारी. मी हात पुढे धरून मागे होतो.

"हात खाली घे," ते मागे न पाहता म्हणाले.

मध्ये एकदा ते थांबले. अंग पूर्ण पाईपवर टाकून दम घेऊ लागले. पाईपने कुठेही कुरकुर केली नाही, की माणसासारखं 'सांभाळा हं' म्हटलं नाही. मुकाट भार घेणं ही त्याची मला सगळ्यात मोठी लायकी वाटते.

दारात पोचले तेव्हा त्यांचे दोन्ही तळवे काळेकुट्ट झाले होते आणि सदऱ्यावर पट्टे. उपाध्यक्ष म्हणाले, "दादा, हात धुऊन घ्या, मंग सुरू करू."

"नळ कुठी हाये?"

"खाली."

वडिलांनी पायऱ्यांकडे पाहिलं. "म्हंजे उतरू, हात धुऊ, अन् तोच पाईप धरून पुन्हा वर येऊ?"

सगळे हसले. तेही हसले, बऱ्याच महिन्यांनी.

मग ते आत जाऊन मूर्तीसमोर उभे राहिले. कोणीतरी खुर्ची पुढे सरकवली, ती त्यांनी न पाहिल्यासारखं केलं. काळे हात जोडले. आमच्यातल्या बहुतेकांचे तसेच होते. पहिली ओळ त्यांनी सुरू केली आणि दम लागून अर्ध्यावर थांबले. उरलेली अर्धी ओळ तिथल्या लहानथोर सगळ्यांना पाठ होती. कोणीही म्हटली नाही. त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत आम्ही तसेच हात जोडून उभे राहिलो, आणि ओळ त्यांनीच पुरी केली.