फोनच्या बिलातला वटाव

आमच्या भिवंडीत कापडाच्या बिलाचे पैसे पुरते कोणी देत नाही. देणारा आधी वटाव कापतो, म्हणजे आपली सूट आपणच घेऊन टाकतो. पैसे पाठवायला काही खर्च आला तर तोही घेणाऱ्याच्याच अंगावर. घेणारा दोन शिव्या हासडतो आणि मान्य करतो. बाबांचे लूम याच रीतीवर चालायचे, त्यामुळे सगळ्या जगाचा कारभार असाच असतो असा त्यांचा ठाम समज होता.

घरच्या फोनचं बिल इंटरनेटवरून भरायचं खूळ माझं. रांगेत उभं राहायचा मला भारी कंटाळा. सायबर कॅफेत बसून बिल भरलं आणि ऐटीत घरी आले. पुढे बाबा बँकेतून आले ते लालबुंद होऊन. बँकेने बिलाच्या वर आपलं शुल्क कापलं होतं आणि त्यावर करही लावला होता.

"रांग न्हाय, पावती न्हाय, कारकुनाची शाई न्हाय, मंग पैसं कसलं?"

सुविधेचे, असं बँकेतल्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं म्हणे. त्यामुळे तर ते जास्तच भडकले.

पुढच्या बिलाला ते स्वतः कॅफेत माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. मी रक्कम टाकणार तोच म्हणाले, "बँकेचं पैसं यातून काप."

"बाबा, हे फोनवाले आहेत, कापडवाले नाहीत."

"घेनारा तो घेनाराच."

कॉम्प्युटरने कमी रक्कम निमूटपणे घेतली. बाबा घरी येईपर्यंत गालातल्या गालात हसत होते.

नेमकं त्याच सुमारास कल्याणचं एक स्थळ मला बघून गेलं होतं. मुलगा मला मनापासून आवडला होता. फोन करून कळवतो, असं त्याचे वडील म्हणाले होते. मी फोनपासून हलेना, आणि फोन वाजेना. शेवटी रिसीव्हर उचलून कानाला लावला, तर आत साधी घरघरही नाही. फोनच्या ऑफिसात चौकशी केली तेव्हा कळलं, बिल थकलं म्हणून लाईन बंद केलीय.

मी रडकुंडीला आले. आई कडाडली, "सोयरीक चाललीय हातची, आन् तुम्हाला रुपयांचं पडलंय!"

बाबा ढिम्म. "व्यवहार म्हंजे व्यवहार."

अखेर मुलाचे वडीलच स्कूटर काढून दारात हजर झाले. फोन बंद का, असं त्यांनी विचारायची खोटी, बाबांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाहुणे तावातावाने म्हणाले, "बरोबर केलंत!" त्यांचंही कापडाचंच दुकान. मग दोघे मिळून बँकेचा उद्धार करत बसले. चहा झाला, पोहे झाले, लग्नाचं नाव कोणी काढेना. मी दाराआड ताटकळत होते. शेवटी माझं डोकं फिरलं. बाहेर येऊन विचारलं, "पण होकार आहे की नाही?"

आईने डोक्याला हात लावला. पाहुणे मात्र खो-खो हसले. "अगं, पोरगा रोज बूथवरून तुमचा नंबर लावतोय. आज म्हणाला, तुम्ही जाता की मी जाऊ?"

माझा जीव भांड्यात पडला. फोन चालू असता तर त्याची ही ओढ मला कळलीच नसती. तेवढं कळण्यासाठी बँकेचं ते शुल्क मी आनंदाने दुप्पट भरलं असतं, पण बाबांसमोर हे बोलायची माझी आजही छाती नाही.