आम्हाला पर्सनली सांगितलं नाही

आमच्या रोह्यात त्या काळी इंग्रजी फारसं कुणाला येत नव्हतं, पण ‘पर्सनली’ हा शब्द सगळ्यांना येत होता. शाळेची पायरी न चढलेल्या बायकासुद्धा तो बिनचूक वापरायच्या, आणि तोही एकाच कामासाठी. एखाद्या लग्नाला का गेला नाहीत असं विचारलं की उत्तर ठरलेलं असे, “पत्रिका आली हो, पण आम्हाला पर्सनली सांगितलं नाही.” एवढं म्हटलं की विषय मिटला. समोरचाही मान डोलवून म्हणे, “मग बरोबर आहे तुमचं.”

पर्सनली म्हणजे काय, याचे नियम कुठं लिहिलेले नव्हते. चुकले की कळायचे. घरातल्या कर्त्या माणसानं स्वतः यायचं. चपला काढून आत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं, चहाला आधी नको म्हणायचं आणि मग घ्यायचा. देवापुढं पत्रिका ठेवायची, यजमानाच्या हातात अक्षता द्यायच्या आणि तोंडानं म्हणायचं, “सगळ्यांनी यायचं हं, चूलबंद आमंत्रण आहे.” चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही, सगळं घर आमच्या मांडवात जेवायला. रस्त्यात गाठून दिलेली पत्रिका पर्सनली नव्हे. दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत दिलेली तर नव्हेच. आमच्या भावकीतल्या एकाला तो कौलं परतायला छपरावर चढलेला असताना कुणीतरी अंगणातून आमंत्रण दिलं होतं. तो लग्नाला गेला नाही. “मी वर, ते खाली, याला काय पर्सनली म्हणायचं?” असा त्याचा सवाल होता, आणि तो सगळ्या भावकीला पटला होता.

मराठीत याला शब्द नव्हता असं नाही. जातीनं आहे, समक्ष आहे, खुद्द आहे. पण समक्ष म्हटलं की कोर्टाचं समन्स आठवायचं आणि जातीनं म्हटलं की कलेक्टरसाहेब पाहणीला आल्यासारखं वाटायचं. रुसायला या शब्दांचा काही उपयोग नव्हता. रुसायला इंग्रजीच शब्द लागायचा.

माझे वडील एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांना हा सगळा प्रकार अडाणीपणाचा वाटायचा. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी-मराठी कोश होता आणि शब्दाचा अर्थ म्हणजे त्यात छापलेला अर्थ, अशी त्यांची श्रद्धा होती. “पर्सनली म्हणजे स्वतः, दुसऱ्याकरवी नव्हे,” ते वाचून दाखवायचे. “यात चहा कुठं आहे? चपला कुठं आहेत?” आई म्हणायची, “तुमच्या कोशाला नातलग नाहीत, म्हणून त्याचं भागतं.”

माझं लग्न ठरलं आणि हे सगळं आमच्याच अंगावर आलं. भाताची झोडणी उरकली होती, लोक मोकळे होते, आणि मोकळी माणसं रुसायलाही मोकळी असतात. वडिलांनी रजा काढली. नागोठण्याकडचे, कोलाडकडचे, पेणकडचे अशी दिशावार यादी केली आणि काखेत पिशवी मारून निघाले. चार दिवसांत त्यांच्या पोटात एवढा चहा गेला की रात्री ते जेवायला नको म्हणायला लागले. हमरापूरला आमच्या एका लांबच्या काकांकडे गणपती रंगवायचं काम चालायचं. तिथं बसायला तसूभर जागा नव्हती, जिथं बघावं तिथं ओल्या रंगाचे गणपती. वडील उभ्याउभ्याच सांगून निघाले, तर काकूंनी दोन मूर्ती उचलून एक पाट मोकळा केला आणि त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. “बसल्याबिगर पर्सनली व्हत नाय,” त्या म्हणाल्या. वडील मिनिटभर बसले आणि शर्टाच्या बाहीला पिवळा रंग लावून घरी आले.

सगळ्यात महत्त्वाचं आमंत्रण माझ्या मामाचं. आईचा एकुलता एक धाकटा भाऊ. कासू स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर त्याचं घर होतं. आधी तो मिठागरावर होता, मग डोलवीच्या कंपनीत काँट्रॅक्टवर लागला होता. लहानपणी सुट्टीत गेले की तो मला खांद्यावर बसवून मिठागराच्या बांधावरून धावायचा आणि मी किंचाळायचे. सायकल त्यानं शिकवली, पोहायला त्यानं शिकवलं, आणि कॉलेजात नाव घालायला वडील कां-कू करत होते तेव्हा तो कासूहून येऊन आमच्या ओटीवर दिवसभर ठाण मांडून बसला होता. आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा आणतो आणि मंगलाष्टकं चालू असताना तोच तिच्या पाठीशी उभा राहतो. माझ्या पाठीशी तो सोडून दुसरं कुणी उभं असेल, ही कल्पनाच मी केली नव्हती.

वडील त्या संध्याकाळी पेणकडचं सगळं उरकून आले आणि म्हणाले, “मामाला पत्रिका दिली. कंपनीच्या गेटसमोर भेटला. त्याच्या हातात दिली.”

आई पोळी लाटता लाटता थांबली. “गेटसमोर? घरी नाही गेलात?”

“त्याची शिफ्ट असेल म्हणून तिकडेच गेलो. हातात दिली म्हणतोय ना. आणखी किती पर्सनली द्यायची?”

चौथ्या दिवशी कासूहून गाडीनं येणारी भाजीवाली दारात टोपली टेकवून म्हणाली, “तुमच्या भावानं सांगावा धाडलाय. आमाला पर्सनली कोणी सांगितलं नाय, तवा लग्नाला येनं व्हनार नाय.” आणि पुढच्याच दमात, “वाल घेता का?”

मग घरात जे काही झालं ते विचारू नका. आई म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा आणि घरी जाऊन सांगा. वडिलांनी कोश काढला. दुसऱ्यांदा जाणार नाही म्हणाले, मी अर्थाप्रमाणे केलं आहे. आई म्हणाली, “मग लग्नात मामा म्हणून त्या कोशालाच पोरीच्या पाठीशी उभा करा.” त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. लग्नाला आठ दिवस राहिलेले, आणि ही दोन माणसं माझ्यामार्फत एकमेकांना मीठ मागायला लागली.

मला दोघांचाही राग आला होता, पण खरा राग मामाचा. एवढा जिवाभावाचा माणूस, आणि छपरावरच्या त्या शहाण्यासारखा एका शब्दाला अडून बसतो? वडिलांचंही मला नवल वाटत होतं. ते हट्टी होते, पण वाईट नव्हते. आईच्या माहेरच्या माणसांशी ते कधी ताठ वागलेले मी पाहिले नव्हते.

नवरीनं स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला जायचं नसतं. लाज सोडल्यासारखं दिसतं. मी आईला सांगितलं की पेणला शिंप्याकडे ब्लाउज घालून बघायचा आहे, आणि सकाळच्या गाडीनं निघून कासूलाच उतरले. वाटेत मामाला काय काय ऐकवायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं.

मामा घरीच होता. कामाच्या वारी, सकाळी दहा वाजता, पडवीत गुडघ्याला मिठी मारून बसला होता. मला बघून तो उठला, पण पुढं आला नाही. मामी आतून धावत आली. “ये गो बाय, ये. अशी उन्हाची आलीस?” तिनं पाणी दिलं आणि मामाकडे बघत तिथंच उभी राहिली.

मी ठरवलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, “मामा, तू येणार नाहीस?”

त्यानं उलट मलाच विचारलं, “तुझ्या बाबांनी घरी काय सांगितलं?”

“गेटसमोर पत्रिका दिली म्हणाले.”

“आनि?”

“आणि काही नाही.”

“कायच नाय?” तो मामीकडे बघायला लागला. मामीनं पदर तोंडाला लावला.

मग त्यानं सांगितलं. पाऊस संपला तेव्हाच त्याचं काँट्रॅक्ट संपलं होतं. पुढचं काही जमलं नाही. गेटसमोरच्या रस्त्याला एक चहाची टपरी आहे, तिथं तो दुपारपासून ग्लास विसळायला आणि चहा द्यायला जात होता. हे मामीशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आमच्या आईला तर नाहीच. “दाजी गेटवरनं माझी चौकशी करून टपरीकडं आले. मला हाक मारली तवा माझे दोनी हात बादलीत. तसाच उठलो. वल्या हातानं पत्रिका घेतली, तिचा कोपरा भिजला. ते कायच बोलले नाय. चहा पन नाय घेतला. गेले.”

“म्हणून रागावलास?”

“रागावतोय कशाला गो? त्यांनी मला तिथं बघितला. आता मांडवात तुझ्या पाठीशी कोनत्या तोंडानं उभा ऱ्हाऊ? तुझ्या सासरची मानसं इचारतील, मामा काय करतात? पर्सनली सांगितलं नाय असा सांगावा दिला का मग कोन पुढं इचारीत नाय. तुला ठाव हाय ना.”

मला ठाऊक होतं. साऱ्या रोह्याला ठाऊक होतं. पण त्या शब्दामागं रुसव्याशिवाय दुसरं काही असू शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मी मामाला मिठी मारली नाही, आमच्यात तशी पद्धत नव्हती. मामीनं केलेली तांदळाची भाकरी खाल्ली आणि परतीची गाडी पकडली.

संध्याकाळी वडील मागच्या अंगणात फुलझाडांना पाणी घालत होते. मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, “बाबा, मी मामाकडे जाऊन आले. टपरीचं कळलं मला.”

त्यांनी बादली खाली ठेवली. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. “तुझ्या आईला कळू देऊ नकोस,” ते म्हणाले. “तो स्वतः सांगेल तेव्हा सांगेल.”

“पण तुम्ही तिथं चहा का नाही घेतलात?”

“मी बसलो असतो तर चहा त्यालाच आणून द्यावा लागला असता,” वडील म्हणाले. “मला ग्लास देताना त्याला काय वाटलं असतं? म्हणून पत्रिका दिली आणि निघालो. आता परत त्याच्या घरी गेलो तर म्हणेल, कीव करायला आले. माझं मलाच कळेना काय करावं.”

एवढा हेडक्लार्क माणूस, पण हे त्यांना कुणाला विचारता आलं नव्हतं. चार दिवस आईचा राग सोसून, कोश छातीशी धरून ते गप्प बसले होते. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हणाले, “तो कीव नाही म्हणणार. तुम्ही चला.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आईला, माझ्यामार्फत, पेणला जातो म्हणून सांगितलं. आईनं माझ्यामार्फतच विचारलं की पेणला शिंपी आहे की मामलेदार, रोज काय जाता. आम्ही कासूला उतरलो.

मामाच्या घरी ते आत जाऊन बसले. पाणी प्यायले. मामीनं चहा आणला तो नको न म्हणताच घेतला. मामा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, बसत नव्हता. तिथूनच तो म्हणाला, “दाजी, त्या दिशी तुमी बघितलंत.”

“बघितलं,” वडील म्हणाले. “काम करत होतास.”

“तुमचे व्याही इचारतील.”

“विचारू देत. चहाच्या टपरीवर आहे म्हणून मी सांगेन. तुला जड वाटत असेल तर तू बोलूच नकोस, मी सांगेन.”

“आनि त्यांना नाय चाललं तर?”

वडिलांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “मग त्यांना आमंत्रण नाही.”

ज्या व्याह्यांची नुसती चिठ्ठी आली तरी माझे वडील ती उभं राहून वाचायचे, त्यांच्याबद्दल हे वाक्य होतं. मामी तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मामा येऊन वडिलांच्या शेजारी बसला आणि खालमानेनं म्हणाला, “मुहूर्त कितीचा हाय?”

पत्रिका त्याच्या घरात होती आणि तीत वेळ छापलेली होती. वडिलांनी तिथी सांगितली, वार सांगितला, वेळ सांगितली, मांडव कुठं घातलाय तेही सांगितलं. त्यानं प्रत्येक गोष्टीला मान हलवली. “आदल्या दिशीच येतो,” तो म्हणाला, आणि मला तिथंच रडू फुटलं.